काचेच्या बरणीतले जिन्नस पुन्हा पुन्हा सादळतात तेव्हा काय तपासावे

रिकामी झालेली काचेची बरणी धुऊन पुन्हा वापरात घ्यावी, तीत मीठ, साखर, बिस्किटे किंवा दळलेले मसाले भरावेत आणि पंधरा दिवसांनी झाकण उघडल्यावर आत गुठळ्या दिसाव्यात, ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात इतक्या वेळा निस्तरली आहे, की आता बरणी हातात घेतल्यावर कोणत्या क्रमाने पाहायचे ते ठरून गेले आहे. तोच क्रम येथे कारणांसह देत आहे. त्यामागचे एक तत्त्व आधी सांगितले पाहिजे. काचेतून पाण्याची वाफ आरपार जात नाही, त्यामुळे बरणीत ओल दिसली तर ती आपण भरतानाच आत कोंडलेली असते, झाकणाच्या फटीतून शिरलेली असते, किंवा बरणी उघडताना हवेबरोबर आलेली असते. चौथी वाट नाही. पुढची सगळी तपासणी म्हणजे या तीन वाटांपैकी आपली कोणती, हे शोधणे होय.

लक्षणे

ओल कोणत्या वाटेने आली याची खूण बहुधा जिन्नसातच सापडते, म्हणून बरणी लगेच रिकामी करू नये, आधी ती उजेडात धरून नीट पाहावी. भरल्यानंतर एकदोन दिवसांतच काचेच्या आतल्या बाजूला, विशेषतः खांद्याजवळ, बारीक थेंब जमले असतील तर ओल आत कोंडली गेली आहे. थेंब कुठेच नाहीत, पण आठवडाभराने वरचा थर कडक झाला आहे आणि तळाचा जिन्नस मोकळाच आहे, असे असेल तर ओल वरून, म्हणजे झाकणाकडून आली आहे. गुठळी बरणीच्या एकाच बाजूला धरली असेल तर त्या बाजूच्या वरचे झाकण किंवा काठ हमखास सदोष असतो. मधोमध, चमचा जिथे जातो तिथे खड्डा आणि त्याच्या भोवती खडे असतील तर चमचा ओला होता असे समजावे. बिस्किटे मऊ पडणे, मसाल्याचा वास उडून जाणे आणि झाकण उघडताच आधीच्या पदार्थाचा वास येणे ही त्याच कुटुंबातली लक्षणे आहेत, कारण जिथून वाफ आत येते तिथून वास बाहेर जातो.

मीठ सादळले एवढ्यावरून मात्र बरणीला दोष देण्याची घाई करू नये. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेल्यावर पाणी ओढू लागते, पण मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असेल तर तो सुमारे 33 टक्के आर्द्रतेलाच पाणी धरतो. म्हणून शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बरण्यांपैकी एकीतले मीठ पाझरते आणि दुसरीतले कोरडे राहते, तेव्हा दोन्हींतले मीठ एकाच पिशवीतले होते का, हे आधी आठवावे. साखर याबाबतीत पुष्कळ सोशीक आहे, ती सुमारे 85 टक्क्यांपर्यंत तग धरते. साखरही चिकट झाली असेल तर झाकणाकडे गांभीर्याने पाहावे लागते.

पहिली तपासणी: बरणी आणि झाकण खरोखर कोरडे होते का

ही तपासणी फुकटची आहे, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच संपतात. धुतलेली बरणी फडक्यावर सपाट उपडी ठेवली की आतली वाफ आतच अडकते. काच कोरडी दिसते, पण हवा दमटच राहते. बरणी तिरपी टेकवून ठेवावी, म्हणजे तोंडाशी हवा खेळती राहील, आणि निथळल्यावर सुलटी करून रात्रभर उघडी ठेवावी.

खरी लबाडी झाकणात असते. पत्र्याचे झाकण उलटे करून त्याची कड बारकाईने पाहिली तर पत्रा आतल्या बाजूला गोल वळवलेला दिसेल. या वळणाच्या पोकळीत धुतल्यानंतर पाणी राहते आणि वरून पुसले तरी ते निघत नाही. झाकण पुसून कोरडे झाले असे वाटल्यावर ते पांढऱ्या कागदावर कडेने चार वेळा आपटून पाहावे. कागदावर दोनतीन थेंबांचे ठिपके उमटतात, आणि नेमके तेच थेंब पुढे मिठात उतरतात. झाकण कडेवर उभे ठेवून वाळवले आणि भरण्यापूर्वी पुन्हा एकदा आपटून पाहिले, तर या वाटेचा बंदोबस्त होतो.

दुसरी तपासणी: जिन्नस कोमट किंवा मुळात ओलसर होता का

भाजलेला, तळलेला किंवा दळलेला पदार्थ हाताला गार लागला तरी ढिगाच्या पोटात ऊब असते. 60 अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा सुमारे 130 ग्रॅम वाफ धरू शकते, तर 25 अंशांना जेमतेम 23 ग्रॅम. म्हणजे कोमट जिन्नसावर झाकण लावले की गार होताना उरलेली वाफ थेंब होऊन काचेवर बसणारच, आणि पदार्थ गार होईपर्यंत स्वतःतले पाणी सोडतच राहतो. ताटात पातळ पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरावे.

धान्य किंवा पीठ मुळातच ओलसर आहे की नाही याचा निकाल लावण्यासाठी तोच जिन्नस थोडासा एखाद्या खात्रीच्या, कधीही त्रास न दिलेल्या बरणीत भरून आठ दिवस ठेवावा. तिथेही गुठळ्या झाल्या तर दोष बरणीचा नाही. हा पडताळा करायला काहीच लागत नाही, तरी लोक तो टाळतात आणि नवी झाकणे आणत बसतात, याचे मला वाईट वाटते.

तिसरी तपासणी: हाताळणी आणि जागा

उकळत्या पातेल्यावर बरणी धरून त्यातून थेट मीठ किंवा मसाला टाकण्याची सवय असेल तर प्रत्येक वेळी बरणीत वाफ शिरते. जिन्नस आधी कोरड्या चमच्यात किंवा वाटीत काढून घ्यावा. बरणी मोठी आणि जिन्नस तळाशी चार बोटे असेल तर वर उरलेल्या पोकळीतली हवा प्रत्येक उघडझापीला बदलते, त्यामुळे निम्म्याच्या खाली गेलेला जिन्नस लहान बरणीत काढणे चांगले. रोजच्या वापरासाठी लहान आणि साठवणीसाठी मोठी, अशा दोन बरण्या केल्या की मोठी क्वचितच उघडली जाते. झाकणाला हात न लावता निम्मा प्रश्न असा सुटतो.

जागेबाबत एवढेच की शेगडीच्या वर, भांडी धुण्याच्या जागेखाली आणि थंड पडणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकून बरणी ठेवू नये. शेगडीवरचा फळा दिवसातून दोनदा तापतो आणि निवतो. तापताना बरणीतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते, निवताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. झाकण जरा सैल असेल तर बरणी अक्षरशः श्वास घेऊ लागते. सदोष वाटणारी बरणी आठ दिवस दुसऱ्या खोलीत ठेवून पाहावी. फरक पडला तर पुढची खटपट करण्याची गरज नाही.

चौथी तपासणी: काठ आणि आटे

आता बरणीला हात घालायचा. काठावर वाळलेला तेलाचा किंवा साखरेचा पातळ थर असतो आणि आट्यांमध्ये जिन्नसाचे कण अडकतात. झाकण घट्ट फिरल्यासारखे वाटते, पण ते कणांवर टेकलेले असते, काठावर नाही. कोमट पाण्यात साबण घालून जुन्या दातब्रशने आटे घासावेत, झाकणाचे आटेही घासावेत.

काठाला टवका उडाला आहे का हे पाहण्यासाठी बोट कधीही फिरवू नये. कापसाचा सैल बोळा काठावरून सावकाश फिरवावा. जिथे कापसाचे धागे अडकतील तिथे टवका किंवा चीर आहे. डोळ्यांना न दिसणारा तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा टवकाही कापूस सोडत नाही. असा काठ सापडला तर ती बरणी खाण्याच्या जिन्नसांतून तेथेच बाद करावी. घासून तो काठ दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये, कारण काचेचा बारीक कण अन्नात जाण्याचा धोका कोणत्याही बरणीच्या किमतीपेक्षा मोठा आहे.

पाचवी तपासणी: झाकण याच बरणीचे आहे का

रिकाम्या बरण्या जमवणाऱ्या घरात झाकणांची अदलाबदल होतेच, आणि दोन झाकणे डोळ्यांना सारखी दिसली तरी त्यांचे आटे वेगळे असू शकतात. काही बरण्यांना सलग फिरत जाणारा आटा असतो आणि झाकण एक-दीड वेढा फिरते. काहींच्या काठाखाली तुटक तिरप्या कडा असतात आणि झाकणाला आत वळलेले चार-सहा दाते असतात, ते पाव वेढ्यात बसते. एका जातीचे झाकण दुसऱ्या जातीच्या बरणीवर अडकते खरे, पण एका बाजूने उचललेले राहते. पिळाच्या आट्याची काचेची बरणी तशी जुनी, जॉन लँडिस मेसन यांनी तिचे पेटंट 30 नोव्हेंबर 1858 रोजी घेतले. पण त्या रचनेतही घट्टपणा आट्याने येत नाही. आटा झाकण फक्त खाली ओढून धरतो, आणि फट बंद होते ती काठावर दाबल्या जाणाऱ्या रबरामुळे किंवा अस्तरामुळे. हे ध्यानात आले की झाकण जोर लावून आवळण्याने काही साधत नाही, उलट दाते वाकतात, हे आपोआप पटते.

झाकण सपाट ओट्यावर पालथे ठेवून हलके दाबून पाहावे. ते डगमगले तर वाकले आहे. चमच्याच्या टोकाने झाकण उचकटून उघडण्याची सवय याला कारणीभूत असते.

सहावी तपासणी: अस्तर

येथे थोडा वेळ द्यावा, कारण कोरडेपणा, जिन्नस आणि जागा या तिन्ही गोष्टी ठीक असूनही तक्रार उरते तेव्हा दोष बहुतेक वेळा अस्तरात असतो. पत्र्याच्या झाकणाच्या आत कडेला मऊसर लवचीक पदार्थाची गोल पट्टी असते. कारखान्यात गरम असताना बरणीच्या काठाचा ठसा तिच्यावर उमटतो. ती एका वेळच्या बंदिस्तीसाठी बनवलेली असल्यामुळे वारंवार वापराने कडक होते. दोनच दिवसांपूर्वी माझ्या हातात आलेल्या झाकणात हा ठसा पूर्ण वर्तुळभर खोल आणि स्वच्छ होता, फक्त एका ठिकाणी, करंगळीच्या नखाएवढ्या लांबीत, तो पुसट झाला होता आणि तिथे पट्टी गुळगुळीत होऊन चकाकत होती. मिठाची गुठळी बरोबर त्याच बाजूला, त्या जागेच्या खाली धरलेली होती.

पुसट ठसा नजरेला सापडला नाही तर कागदाची चाचणी करावी. बोटभर रुंदीची कागदी पट्टी काठावर ठेवून झाकण नेहमीसारखे लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज सुटली तर त्या जागी दाब नाही. झाकण काढून पट्टी पुढे सरकवत काठाच्या आठ जागी हेच करावे. पट्टी फाटली तरच ती जागा उत्तीर्ण समजावी.

त्याहून खात्रीची चाचणी पाण्याची आहे. बरणी रिकामी, कोरडी आणि खोलीच्या तापमानाला असताना झाकण लावावे आणि ती हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात पूर्ण बुडवून धरावी. आतली हवा तापून फुगते आणि जिथे फट असेल तिथून बुडबुड्यांची माळ वर येते. सुरुवातीला झाकणाच्या कडेत अडकलेली हवा सुटते, तिकडे दुर्लक्ष करावे. अर्ध्या मिनिटानंतरही एकाच जागेतून बुडबुडे येत राहिले तर ती गळती. पाणी कडकडीत घेऊ नये. साध्या बरणीच्या काचेला सुमारे 40 अंशांहून मोठा अचानक फरक धोक्याचा ठरतो.

अस्तर फक्त कडक झाले असेल तर झाकण पाच मिनिटे गरम पाण्यात ठेवून, पूर्ण वाळवून, पुन्हा आपल्याच बरणीवर लावून पाहावे. अस्तर मऊ होऊन ठसा कधी कधी नव्याने बसतो. हा उपाय कोरड्या जिन्नसापुरताच आहे आणि फार दिवस टिकत नाही. अस्तराला भेगा, आत गंज किंवा न जाणारा वास असेल तर झाकण बदलावे. काचेला वास धरत नाही, तो अस्तर धरते. खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट लावून एक रात्र आणि मग दोन दिवस कडक ऊन, एवढ्यावर वास गेला नाही तर तो पुढेही जाणार नाही. तारेच्या खिट्टीच्या बरणीत मात्र काम सोपे आहे. रबरी कडी काढून बोटांत ताणावी, ती मूळ आकाराला परतली नाही किंवा तिच्यावर बारीक चिरा दिसल्या तर तेवढी कडी बदलली की बरणी नव्यासारखी होते. लाकडी आणि बुचाची झाकणे दिसायला सुरेख असतात, पण सादळणाऱ्या जिन्नसांवर ती घालू नयेत. लाकूड स्वतःच हवेतला ओलावा घेते आणि सोडते.

हे सर्व करूनही दमट हवेत थोडा ओलावा येणारच असेल तर सिलिका जेलची पुडी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवता येते. पुडी खाण्यायोग्य वस्तूंसाठीची, न फाटलेली आणि रंग न बदलणाऱ्या दाण्यांची असावी. रंग बदलणाऱ्या निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते अन्नाजवळ नको. ही पुडी गळक्या झाकणावरचा उपाय नव्हे, कारण गळती असेल तर ती थोड्याच दिवसांत पाणी पिऊन निकामी होते.

नापास झालेल्या बरणीचा उपयोग

जिची गळती थांबत नाही ती बरणी फेकण्याचे कारण नाही, तिला फक्त ओलाव्याची पर्वा नसलेले काम द्यावे. काठ शाबूत असेल तर बटणे, रिळे, मुलांचे खडू, रंगांचे ब्रश यांना तिच्यासारखे घर नाही, कारण न उघडता आतले दिसते. झाकण फळ्याच्या खालच्या बाजूला दोन स्क्रूंनी पक्के करून बरणी खालून फिरवून लावली की खिळे आणि वॉशर डोळ्यांसमोर लटकतात आणि टेबल मोकळे राहते. स्क्रू एकच लावला तर झाकण बरणीबरोबर फिरते, म्हणून दोन. वेलीची फांदी पाण्यात मुळे धरेपर्यंत ठेवायलाही ती उत्तम, मात्र उन्हात काचेवर शेवाळे धरते, तेव्हा बाहेरून कागद गुंडाळावा आणि पाणी दर चार दिवसांनी बदलावे. मेणबत्तीसाठी वापरायची असेल तर तळाशी दोन बोटे कोरडी वाळू घालावी. ज्योत तळाशी पोचून काच एकाच जागी तापली की तडकते.

टवका उडालेल्या काठाच्या बरणीला मात्र यांतले कोणतेही काम देऊ नये, मुलांच्या हाती लागेल असे तर नाहीच.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

अंगावर तडा दिसणारी बरणी कितीही लाडकी असली तरी ती जाड कागदात गुंडाळून काचेच्या कचऱ्यात द्यावी. तडा गोंदाने भरत नाही, आणि ती झाकण आवळताना हातात फुटते. भरलेली बरणी घरात फुटली तर आसपासच्या उघड्या अन्नासकट सगळे टाकून द्यावे, चाळून वाचवू नये. जखमेत काच राहिल्याची शंका असेल, जखम खोल असेल किंवा दाबून धरूनही रक्त थांबत नसेल तर स्वतः काच उकरू नये, डॉक्टरांकडे जावे.

जुनी झाकणे आणि जुन्या बरण्या कोरड्या साठवणीपुरत्या आहेत. उकळून हवाबंद करून महिनोन्महिने टिकवायच्या अन्नासाठी त्या वापरू नयेत. कमी आंबट, म्हणजे 4.6 पेक्षा जास्त पीएच असलेल्या हवाबंद अन्नात, तसेच तेलात बुडवून ठेवलेल्या लसणात बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली 121 अंश लागतात, आणि त्यांच्या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. अशा बरणीचे झाकण फुगले असेल किंवा उघडताना आतला पदार्थ उसळला तर चाखून पाहू नये. असे अन्न खाण्यात आले असेल आणि नजर दुहेरी होणे, बोलताना जीभ जड होणे किंवा गिळायला त्रास होणे यांपैकी काहीही जाणवले तर तडक रुग्णालय गाठावे.

शेवटची गोष्ट बरणीबाहेरची आहे. त्या एका फळीवरच्या सगळ्याच बरण्या, चांगल्या झाकणांच्यासुद्धा, सादळत असतील, फळीचे लाकूड हाताला गार व फुगीर लागत असेल आणि कपाट उघडताच कोंदट वास येत असेल तर झाकणे बदलत बसू नये. ओल भिंतीत किंवा मागून जाणाऱ्या नळात आहे. कपाट रिकामे करावे, फळीच्या मागे एक कोरडा कागद रात्रभर चिकटवून ठेवावा, आणि सकाळी तो ओला किंवा लिबलिबीत निघाला तर प्लंबरला किंवा भिंतीची ओल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलवावे. त्या भिंतीत विजेचे बटण किंवा वायर असेल तर ओल्या भागाला हात लावण्यापूर्वी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा आणि आधी वायरमनला दाखवावे.